उजवीकडे नऊ इंच

"होल्ड करा," असं म्हणून बाई एक बोट वर करायच्या आणि समोरचा माणूस आहे तिथे थांबायचा. दूधवाला थांबायचा, वॉचमन थांबायचा, रंधा मारता मारता मीही थांबायचो. टेलिफोनच्या ऑफिसात त्या तीस वर्षं ऑपरेटर होत्या, त्यामुळे जगातल्या कुठल्याही माणसाला होल्डवर ठेवता येतं अशी त्यांची खात्री होती. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. नोकरी सुटते, नोकरीतलं वाक्य सुटत नाही.

मी भोईवाड्यातला सुतार. कार्डावर इंटिरियर कॉन्ट्रॅक्टर छापलंय, ते मुलीच्या हट्टापायी. कुणीतरी बाईंना माझा नंबर दिला आणि त्यांचा फोन आला.

"मिस्त्री, एक खोली करायचीय. गाणं ऐकायची."

"टीव्ही युनिट का?"

"टीव्ही नाही हो. नुसतं गाणं. बसायचं आणि ऐकायचं."

शिवाजी पार्काच्या बाजूला मी पुष्कळ खोल्या केल्यात. पाहुण्यांची खोली, देवाची खोली, आणि व्यायामाची खोली, जिच्यातल्या मशीनवर पुढे टॉवेल वाळतात. पण फक्त ऐकायची खोली म्हणजे काय, हे बघायला म्हणून मी गेलो, खोटं कशाला बोलू.

जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, बाई एकट्या. वय बहात्तर, पाठ ताठ. आतली खोली दहा फूट रुंद, बारा लांब आणि उंचीलाही दहाच. मी टेप गुंडाळतोय तोवर बाई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि खालच्या आवाजात गुणगुणू लागल्या. आवाज हळूहळू वर नेला. एका सुराशी आल्या आणि अख्खी खोली घुमली.

"ऐकलंत? हा एक सूर खोली स्वतःच गाते. रुंदी आणि उंची सारखी असली की असंच होतं. छत दीड फूट खाली घ्या."

एसीचा पाइप लपवायला मी छत खाली घेतलंय, दिवे बसवायला घेतलंय. सुरासाठी पहिल्यांदाच घेतलं. आणि घेतल्यावर बाई पुन्हा तशाच गुणगुणल्या, तर खोली गप्प. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी वाद घालायचं सोडलं. म्हणजे, बऱ्यापैकी सोडलं.

सगळा प्लॅन त्यांनी चौकटींच्या कागदावर स्वतः काढला होता, लायब्ररीतली पुस्तकं वाचून. मी बाजारातल्या तयार फोमचे नमुने घेऊन गेलो. त्यांनी एक तुकडा कानाशी धरला, टिचकी मारली आणि परत दिला. "छान आहे. मिठाईच्या दुकानात लावा." त्यांना हवा होता जुन्या गाद्यांचा कापूस, पुन्हा पिंजून घेतलेला. तो लाकडी चौकटीत भरायचा आणि वरून मांजरपाट ताणायचं. मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, त्याला दारं नकोत. आणि पुस्तकं सरळ रांगेत लावायची नाहीत, काही पुढे, काही मागे, म्हणजे आवाज त्यांच्यावर आपटून एकदम परत येत नाही. आता माझा हात असा, की वाकडं दिसलं की सरळ होतं. सकाळी मी पुस्तकं एका ओळीत लावायचो, दुपारी बाई ती विस्कटायच्या. आठवडाभर आमचं हे चाललं होतं.

त्यांची आणखी एक खोड होती. बोलताना मला कायम डाव्या हाताला उभं करायच्या. मी उजवीकडे गेलो की वळून पुन्हा मला डावीकडे घ्यायच्या. मला वाटलं, वास्तुशास्त्रातलं काहीतरी असेल. गिऱ्हाईकाला असलं विचारायचं नसतं.

पुढे मी जे केलं, ते सांगायला मला आजही लाज वाटते. प्लॅनमध्ये खुर्चीची जागा होती मधल्या रेषेपासून नऊ इंच उजवीकडे. कापसाच्या चौकटी फक्त डाव्या भिंतीला, उजवी भिंत कोरी. मी म्हटलं, बहात्तर वर्षांची बाई, हात सरकला असणार. माझे वडील मिलमध्ये सुतार होते. आधी सेंटर लाइन मार, मग जेवायला बस, हे त्यांचं मला सांगणं. तेव्हा बाईंना न विचारता मी सगळं नीट करून टाकलं. खुर्चीसाठी पाय रुततील अशा खाचांचा पाट बरोबर मध्यावर ठोकला आणि चौकटी दोन्ही भिंतींना लावल्या. दारात उभा राहून पाहिलं तर खोली आरशासारखी दिसत होती. स्वतःवरच खूश झालो.

बाई आल्या, खुर्चीत बसल्या आणि एक जुगलबंदीची रेकॉर्ड लावली. डावीकडच्या स्पीकरमधून सतार, उजवीकडून व्हायोलिन. मी शाबासकीची वाट बघत उभा.

"मिस्त्री, व्हायोलिन कुठेय?"

"उजवीकडे, बाई. वाजतंय की."

त्यांनी मान वळवून उजवीकडच्या स्पीकरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वाजत असेल."

रेकॉर्ड बंद करून त्यांनी मला समोर बसवलं. ऑफिसात हेडफोन एकाच कानाला असायचा, उजव्या. तीस वर्षं त्या कानात लोकांची भांडणं, बारशी आणि मयतं ओतली गेली. "आता स्वतःचं काही ऐकायची वेळ आली, तर तो कानच रिटायर. निम्माही राहिला नाही." खोली वाकडी होती ती त्यासाठी. उजवा स्पीकर जवळ यावा आणि उजव्या भिंतीने आवाज पिऊ नये, तो त्यांच्याकडे परत पाठवावा.

"पण बाई, मशीनला बटण असतं ना, एक बाजू वाढवायला?"

"आहे ना. ही सिस्टीम माझ्या भाच्यानेच घेऊन दिली. दर रविवारी ठाण्याहून येतो आणि ते बटण हललेलं दिसलं की सरळ करतो. तुमचाच भाऊ." मग म्हणाल्या, "त्याला कळलं ना, आत्याला ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, तर एक दिवस इथे राहू देणार नाही. घेऊन जाईल. फार गुणी आहे हो. म्हणून तर भीती वाटते. मला माझ्या घरात राहायचंय, मिस्त्री. बटण कुणीही सरळ करतो. खोली कोण सरळ करणार?"

दुसऱ्या दिवशी मी उजव्या भिंतीच्या चौकटी उतरवल्या आणि पाट उखडला. बाई डोळे मिटून खुर्चीत, रेकॉर्ड चालू, आणि मी बाईंसकट खुर्ची इंच इंच उजवीकडे सरकवतोय.

"अजून. थोडं अजून. होल्ड करा."

टेप लावली. नऊ इंच. बाई डोळे न उघडता हळूच म्हणाल्या, "दोघेही आले." माझे डोळे भरून आले, ते मी लाकडाच्या भुशावर ढकललं.

रविवारी भाच्याने विचारलं, उजवी भिंत कोरी का? "ओल आहे," बाई म्हणाल्या. खुर्ची बाजूला का? "दार उघडायला जागा नको?" मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. भाचा पन्नाशीचा, साधा माणूस. आत्याच्या खुर्चीत तो कधी बसायचा नाही, दाराजवळच्या स्टुलावर बसायचा. पुढची चार वर्षं मी त्या बाजूला गेलो की वर चक्कर मारायचो. निमित्त वाळवी बघायचं. चहा व्हायचा, एखादी रेकॉर्ड व्हायची, आणि मी न सांगता डाव्या हाताला बसायचो.

गेल्या वर्षी बाई गेल्या. दोन दिवसांचा ताप, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर.

काही महिन्यांनी भाच्याचा फोन आला. "मिस्त्री, आत्याची खोली तशीच ठेवणार आहे मी. पण काल पहिल्यांदा तिच्या खुर्चीत बसलो. सगळा आवाज उजवीकडे कलतो. मोजमाप चुकलंय तुमचं. तेवढं सरळ करून द्या."

मी गेलो. बाईंना ज्याची भीती होती, ते आता घडण्यासारखं राहिलं नव्हतं.

"काम चुकलेलं नाही," मी म्हटलं. "ती जुगलबंदीची रेकॉर्ड लावा. खुर्चीत बसा. आणि उजव्या कानावर हात ठेवा. दाबू नका, नुसता ठेवा."

मला वेड लागलंय अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. पण हात ठेवला. थोड्या वेळाने त्याने डावीकडच्या स्पीकरकडे पाहिलं, मग उजवीकडच्या, मग कोऱ्या भिंतीकडे.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"मी आलो त्याच्या आधीपासून."

रेकॉर्ड संपेपर्यंत त्याने कानावरचा हात काढला नाही.