मिक्सरमधला शिळा केक

बेकरीवाल्या काकाला घरात सगळे पिंप म्हणायचे, आणि तोही त्यावर हसायचा. दुकान बंद करताना न खपलेला माल तो उभ्या उभ्या संपवायचा. फुटलेल्या पेस्ट्र्या, आंबूस वास यायला लागलेलं क्रीम, कडा वाळलेले केक. 'माल टाकायचा नाही' हा त्याच्या वडिलांचा नियम. क्रीमने बरबटलेली त्याची हनुवटी पाहिली की मला शिसारी यायची.

शेवटी यकृतानेच हात टेकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चरबी साचलीय, सूजही आहे. असंच चाललं तर यकृत कडक होत जाईल. मग आमच्याही हातात काही राहणार नाही."

वजन कमी करायच्या ऑपरेशनमध्ये काकाचं पोट कापून केळ्याएवढं ठेवलं. वजन उतरलं, यकृताची सूजही उतरली. "पिंपाची बाटली झाली!" म्हणत काकू किती दिवसांनी मोकळी हसली.

पण काही महिन्यांनी तपासलं, तर सूज परत चढलेली.

"काय खाता?" बाईंनी विचारलं.

"शप्पथ सांगतो, दाताखाली काही नाही," काका म्हणाला.

"पातळच देते मी. तुम्हीच सांगितलं होतंत की!" काकूने मान ताठ केली. "उरलेला केक दुधात घालून मिक्सरमधून काढते. वर थोडं क्रीम. घटाघटा पितात बिचारे."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, पातळ फक्त सुरुवातीचे काही आठवडे, आणि तेही बिनसाखरेचं! चावून खाल्लेलं या पोटात थांबतं, म्हणून थोडक्यात भूक भागते. हे गोड पातळ सरळ खाली उतरतं. ओताल तेवढं जातं आणि त्याची चरबी पुन्हा यकृतात बसते."

ते पेय मी पाहिलं होतं. मातकट रंग, वर तुपकट तवंग, ग्लासच्या कडेला चिकटलेली बेदाण्यांची सालं. कुणीतरी एकदा पिऊन परत काढल्यासारखं.

त्या संध्याकाळी काकूने उरलेल्या केकचा ट्रे सवयीने मिक्सरजवळ आणून ठेवला. काकाने वाकून वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"शी! हे मी पीत होतो?"

"मग काय टाकायचं? मामंजींच्या जिवाला काय वाटेल?"

"तेही हेच खात होते. कसे पिवळे पडून गेले, विसरलीस?"

काकाने अख्खा ट्रे कचऱ्याच्या डब्यात उपडा केला. तरी काकूने डब्यात हात घातलाच आणि वरचा एक केक फुंकर मारून बाहेर काढला. "हा तरी चांगला आहे हो."

काकाने तो तिच्या हातातून घेऊन परत टाकला. मग ट्रे धुतलेलं साबणाचं गढूळ पाणी बादलीभर आणलं आणि सगळ्यावर ओतलं.