हौदात ओतलेलं आईचं पाणी

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, तोही प्राणिशास्त्राचा. त्याची घमेंड मला अजून आहे. पण मांसमच्छीला न शिवणाऱ्या लिंगायताच्या पोरानं जळकोटजवळच्या शेतात हौद बांधून चिलापी माशाची पिल्लं काढावीत, हे भावकीला पचलं नाही. आईला मी एवढंच सांगितलं, "आपण मारत न्हाई. पिल्लं काढतो, लोक नेऊन तळ्यात सोडतेत."

"मग पुण्याचंच काम हाय की," आई म्हणाली.

त्या उन्हाळ्यात उदगीरचा नवा जिल्हा होणार म्हणून हॉटेलाहॉटेलांत पैजा लागत होत्या आणि इकडे विहिरीचा तळ दिसत होता. टँकर आला की पाणी आधी घराला, मग बैलांना, उरलं तर हौदाला. चिलापीची मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत खात नाही. हे कळल्यापासून आईचा त्या माद्यांवर लई जीव. आंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय ती घास घेत नसे. आता तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकायची आणि वाचलेली बादली हौदात ओतायची. "लेकुरवाळ्या हायेत बिचाऱ्या," म्हणायची. मी अडवलं नाही. मला पाणी हवंच होतं.

एका सकाळी मी अंडी काढत बसलो होतो. मादी घमेल्यातल्या पाण्यात तोंड खाली करून धरायची, बोटानं जबडा उघडायचा, हळू हलवायची, की पिवळी अंडी गळून पडतात. आई बादली घेऊन मागं कधी आली, कळलं नाही.

"तोंडातलं काढून घ्यायलास व्हय रे?"

"हितं अंडी उबवायच्या बरणीत जास्त जगतेत, आई. अन् ही लवकर खायला लागते, पुन्हा लवकर अंडी धरते."

"अन् तळ्यात मोठी झाल्यावर काय करतेत त्यांचं?"

मी हातातली मादी हौदात सोडली. "खातेत."

"मग तवाच सांगायचं न्हाई? मी कुणाच्या पोटासाठी तांब्याभर पाण्यात न्हात होते?"

बादली तशीच घेऊन ती न्हाणीत गेली. आतून अंगावर भरभरून पाणी घेतल्याचा आवाज आला. किती दिवसांनी माझी आई धड न्हात होती. मला बरं वाटलं. आणि ते वाटतंय न वाटतंय तोच माझी नजर हौदाच्या कडेवर गेली, पाणी आणखी किती उतरेल ते बघायला.