दोन कासरे वरचा उजेड

“हवामानाचा फुगा होता असं लिहा आणि केस क्लोज करा,” साहेब म्हणाले.

“सर, त्या संध्याकाळी फुगा सोडलाच नव्हता.”

“मग शुक्र लिहा.”

शुक्र तेव्हा पहाटे दिसत होता. सरकारी हवामान कार्यालयात आकाशाच्या नोंदी हे माझं काम, त्यामुळे एवढं तरी बोलणं भाग होतं.

अर्ज लासुर्ण्याच्या भिवा तात्यांचा होता. घराणं पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचं, आता ऊस. तात्यांनी जीव रमवायला चार मेंढरं ठेवली होती. दिवस मावळताना ती घेऊन परतताना त्यांना आभाळात पांढरा उजेड थांबलेला दिसला. मग तो आवाज न करता सरळ वर गेला. त्यांनी हे गावात सांगितलं आणि त्यांची चेष्टा सुरू झाली. सरकारनं खरं काय ते सांगावं, एवढंच त्यांनी मागितलं होतं.

मी लासुर्ण्याला गेले. अंगणात तात्यांचा मुलगा दत्ता भेटला.

“मॅडम, तात्यांचं डोकं ठिकाणावर न्हाय. एकटं सोडायचं भ्या वाटतंय. मेंढरं इकून टाकतो. तुमी फकस्त सांगा, तसलं काय नव्हतं म्हणून.”

तात्या शेजारीच मेंढराची मान खाजवत बसले होते. सगळं ऐकत होते. मला फार वाईट वाटलं.

“तात्या, किती उंच होता?”

“दोन कासरं.”

मी मीटर ऐकायच्या तयारीत होते! कासरा म्हणजे बैलाचा दोर. दिवस कासराभर वर आला असं आपण म्हणतो, तेच हे माप. तात्यांनी हात ताठ करून जागा दाखवली, मी कोन मोजून घेतला.

मग बारामतीकडची शिकाऊ वैमानिकांची विमानं, उसावर फवारणी करणारे ड्रोन, उपग्रह, सगळीकडे चौकशी केली. त्या वेळी त्या बाजूला काहीच नव्हतं. आमच्याकडे याला ‘अनआयडेंटिफाइड’ म्हणतात. म्हणजे परग्रहावरचे पाहुणे आले असं नव्हे. ओळख पटली नाही, एवढंच.

“सरकारला माहीत नाही असं लिहायचं?” साहेब वैतागले.

“खोटं लिहिलं तर म्हाताऱ्याची मेंढरं जातील, सर.”

साहेबांनी कागद पुढे ओढून वाचला. “आणि हे कासरा काय आहे?” असं विचारत त्यांनी सही केली. मग त्यांच्या वरच्यांनीही केली, कुरकुरत.

उत्तर पोस्टानं गेलं असतं. मला राहवलं नाही, मीच घेऊन गेले. अंगणात दत्तासमोर वाचलं, ‘अर्जदाराने उजेड पाहिला, यावर शंका घेण्यास कारण नाही. तो कशाचा होता, हे आम्हाला सांगता येत नाही.’

“म्हंजी सरकारला बी ठावं न्हाय?”

“नाही, तात्या.”

तात्या हसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. “मग मिटलं. मला वाटलं, मला एकट्यालाच कळंना.”

दत्ता आत गेला. तात्यांनी एकटं रानात जाऊ नये म्हणून लपवून ठेवलेली त्यांची काठी त्यानं आणली आणि वडिलांच्या हातात दिली. “चला, म्या बी येतो. कुठं दिसला हुता, दावा.”

नोकरीत मी ढगांची नावं हजारदा लिहिली, कुणी वाचलीसुद्धा नाहीत. ‘माहीत नाही’ एकदाच लिहिलं, आणि सगळ्यात जास्त सह्या त्यालाच लागल्या.