धुऱ्यातला वाकडा दगड

आमच्या अल्लीपूरच्या गल्लीत सध्या सिमेंटचे गट्टू बसवताहेत. मजूर एकाच्या खाचेत दुसऱ्याचा दात सरकवतो, वरून ठोकतो, की गट्टू हलत नाही. गट्टूंखाली पसरलेल्या दगडी भुकटीच्या वासाने मला लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवला.

सासूबाई शेताचा धुरा, म्हणजे बांध, नुसत्या दगडांनी रचत होत्या. ना माती, ना चुना. सकाळीच मी त्यांना उलट बोलले होते. त्यांचा राग जावा म्हणून नाल्यातले गुळगुळीत, देखणे गोटे टोपलीभर वेचून आणले. त्यांनी चार गोटे रचले नि म्हणाल्या, "बस याच्यावर." मी बसले आणि गोट्यांसकट खाली आले. त्या तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

"गोटा कोनालेच धरत नाई, पोरी. वाकडातिकडा आन, तो पकडते."

मी एक काळा, वाकडा दगड लावून पाहिला. बसेना. फेकायला गेले, तर त्यांनी हात धरला.

"काऊन फेकून राह्यली वं? फिरवून पाह्यजो."

तिसऱ्यांदा फिरवला, तेव्हा तो शेजारच्या दगडांत असा रुतला, की ओढूनही निघेना.

धुरा अजून उभा आहे. त्या सकाळी भांडलो कशावरून, ते मात्र आठवत नाही.