आईच्या दंडावरच्या देवी

टाळेबंदीच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात मी माझ्या उजव्या दंडाचा फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘ही टीबीच्या लसीची खूण. ज्यांच्या दंडावर आहे त्यांनी कोरोनाला फार घाबरू नये.’ तेव्हा टीव्हीवर रोज कुणी ना कुणी सांगत होतं, की लहानपणी टोचलेली ती लस भलत्या आजारालाही अडवत असावी. मी ते ऐकून आपल्या अंगावर पुरावा शोधला होता.

पहिल्यांदा एका चुलतभावाने विचारलं, दंडावरच्या केसांचाही काही उपयोग होतो का. मग बायकोने तांदूळ निवडता निवडता माझ्या हातातला मोबाइल घेतला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, ही लस नाही, ही पऱ्हाटी आहे. मी वाद घातला. माझा दंड, माझी लस. तेवढ्यात मोठ्या भावाच्या फोनवरून फुलसावंगीहून आईचा फोन आला. भावाने तिला फोटो दाखवला होता.

“तुही सुई डाव्या हाताले हाय,” आई म्हणाली. “उजव्या हाताले पऱ्हाटीचं खुंट लागलं होतं. दोन्ही बखत मीच धरून होती तुले.”

कापूस वेचून झाला, पऱ्हाटी कापली, की वावरात टोकदार खुंटं उभी राहतात. त्यातून पळू नये हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी पळलो होतो, हेही आता सगळ्या ग्रुपला ठाऊक झालं. डाव्या दंडावर मग मी खरोखरच शोधलं. होती. बोटाला लागेल न लागेल अशी, पाण्यात विरघळत आलेल्या बताशासारखी.

पण खरं सांगायचं तर मला लसीचं काही पडलेलं नव्हतं. मला गावी जायचं होतं. पुसदला मी एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी फुलसावंगीला जातो, ही आमची वर्षानुवर्षांची रीत. गेलं की आधी पाणी नाही, चहा नाही. आधी आई आलाबला घेते. दोन्ही तळहात माझ्या तोंडावरून कानापर्यंत फिरवते आणि मग आपल्या कानशिलावर बोटं मोडते. कडाकडा मोडली तर म्हणते, लय नजर लागली होती. माझ्या वयाच्या, टक्कल पडलेल्या, कॉलेजात ‘साहेब’ म्हणवून घेणाऱ्या माणसाला कुणाची नजर लागणार? पण तिचे ते हात, कापूस वेचून वेचून खरखरीत झालेले, शेणाचा आणि हळदीचा वास असलेले, तोंडावरून फिरले की मगच मला वाटायचं की मी पोचलो. त्या वर्षी संक्रांतीनंतर ते फिरलेच नव्हते.

म्हणून मला दंडावरची ती खूण हवी होती. सरकारने एक पास द्यावा आणि देवाने एक, असा माझा हिशोब.

माझा एक वर्गमित्र पुसदलाच डॉक्टर आहे. त्याला फोन लावला आणि आडून आडून विचारलं. त्याने शांतपणे समजावून सांगितलं, की एका रोगाची लस दुसऱ्याला कधी कधी उपयोगी पडते, ही अगदीच थाप नव्हे. गोवर झाला की शरीराने आधीच्या आजारांशी लढून जे लक्षात ठेवलेलं असतं त्यातलं बरंच पुसलं जातं. म्हणून गोवराची लस घेतलेलं पोर पुढच्या दुसऱ्या दुखण्यांतूनही वाचतं. टीबीची लसही शरीरातल्या शिपायांना थोडीफार सर्वसाधारण कवायत शिकवत असावी, असं काही जण म्हणतात. पण ती कवायत किती दिवस लक्षात राहते, आणि ह्या नव्या रोगापुढे चालते का, हे अजून कुणालाच माहीत नाही. “तिच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊ नको,” तो म्हणाला.

मी त्यातला शिपायांचा भाग तेवढा नीट ऐकला. बायकोला सांगताना तर मी ती कवायत उभं राहून करूनही दाखवली. ती म्हणाली, तुमचे शिपाई पेन्शनीत गेले असतील. पण तिने अडवलं नाही. तिलाही माझं रोजचं उसासे टाकणं पुरे झालं असावं.

जायला मोकळीक मिळाली तेव्हा सोयाबीन फुलावर आलं होतं. आम्ही दोघं मोटरसायकलवर निघालो. तोंडाला रुमाल, डोक्याला हेल्मेट, आणि मी शर्ट मुद्दाम अर्ध्या बाह्यांचा घातला होता.

भावाने अंगणात आमच्यासाठी दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, ओट्यापासून चांगल्या लांब, लग्नात व्याह्यांना रुसल्यावर बसवतात तशा. तो स्वतः वावरात फवारणीला गेला होता. आई ओट्यावर उभी होती. वाळली होती. पदराने तोंड झाकून घेतलं होतं तिने, भावाने सांगितलं होतं म्हणून. पण डोळे माझ्याकडेच. मी गाडी लावली आणि ती एक पायरी उतरली. मग तिला आठवलं आणि ती थांबली. मीही थांबलो.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी खुर्चीत बसलो आणि डावी बाही वर केली. “हे पाय, आई. डावीच हाय.”

ती हसली. मग तिने लुगड्याचा पदर बाजूला केला आणि आपला दंड उघडा केला. त्यावर देवीच्या लसीचे दोन वण होते, जुन्या पैशाएवढे, खोल, चकाकते. लहानपणी मी त्यांत बोट घालून झोपत असे. देवी काढायला, म्हणजे ती लस टोचायला, माणसं गावात आली की पोरी कणगीमागे लपत, आणि आजोबांनी तिला तिथूनच ओढून काढलं होतं, ही गोष्ट मी शंभरदा ऐकलेली. ती तिने पुन्हा सांगितली आणि मी पुन्हा ऐकली. ती संपूच नये असं वाटत होतं.

“माह्यावाल्या दोन हायेत,” ती म्हणाली. “आन तुह्यापेक्षा पक्क्या. देवीसारखी देवी गेली यायच्यानं. मंग हा कोरोना कोन लागून गेला?”

इथे माझ्यातला ऑफिसातला माणूस जागा झाला. मी म्हणालो, आई, ती लस देवीची. देवीची लस देवीवरच चालते. एका रोगाची लस दुसऱ्याले कायले चालीन?

आईने एका हाताने ओट्याचा खांब धरला.

“मंग तुही टीबीची कशी चालून राह्यली?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी हसून वेळ मारून नेली असती. मी माझ्या बाहीकडे पाहिलं. तिचे वण चालत नसतील तर माझा पुसट ठिपकाही चालत नव्हता. आणि माझा चालत असेल तर तिचे का नाही, आणि मग मी ह्या खुर्चीत कशाला बसलो होतो? बायको माझ्याकडे न बघता अंगणातल्या कोंबडीकडे बघत होती.

“नाई चालत बहुतेक, आई,” मी म्हणालो. “कोनाले मालूम नाई अजून.”

“हं,” ती म्हणाली. “मंग दूरच बस बाप्पा.”

तिने तिथूनच दोन्ही हात पुढे केले, हवेतच माझ्या तोंडावरून फिरवल्यासारखे केले आणि कानशिलावर नेऊन बोटं मोडली. मोडल्याचा आवाज अंगणात आला. मग ती लगबगीने आत गेली, चहा ठेवते म्हणाली, आणि चहाला जरा जास्तच वेळ लागला.

पुढच्या वर्षी कोरोनाची खरी लस आली. तिनेही घेतली, मीही घेतली, आणि आलाबला पुन्हा सुरू झाल्या. दरम्यान मोठ्या माणसांत टीबीच्या लसीचा कोरोनाविरुद्ध भरवसा धरावा असं काही दिसलं नाही, असंही वाचण्यात आलं. वर्गमित्राला मी फोन केला नाही. त्याला मोठेपणा कशाला द्यायचा. आई आता नाही. नंतर कितीतरी वेळा तिचे हात माझ्या तोंडावरून फिरले, ते सगळे एकमेकांत मिसळून गेले आहेत. वेगळे आठवतात ते हवेतच फिरलेले, न पोचलेलेच. गावी गेलो की गाडी लावून मी अजूनही क्षणभर तसाच उभा राहतो. वहिनी विचारते, काहून, काही राह्यलं का गाडीवर?

त्या खुर्च्यांच्या दिवशी परत येताना गाव मागे पडल्यावर एका लिंबाखाली गाडी थांबवली आणि बायकोला म्हणालो, म्हातारीनं वादात बरं पकडलं मले.

“त्या वाद नव्हत्या घालून राह्यल्या,” ती म्हणाली. “तुमी ‘चालते’ म्हनले असते तर त्या पायऱ्या उतरून येनार होत्या. तेवढ्यासाठीच विचारलं त्यायनं.” मग रुमाल पुन्हा तोंडाला बांधता बांधता म्हणाली, “नाई म्हनले ते बरं केलं. चला आता.”