समोरच्या गच्चीतली गादी

समोरच्या गच्चीत मीनलची नवी गादी ऊन खात पडली होती. तिला कॉलेज मिळालं, शिष्यवृत्तीही मिळाली; आता ती वसतिगृहात जाणार. फॉर्म आम्ही दोघींनी एकाच दुपारी भरले होते, पण माझ्या कॉलेजची यादी अजून लागलेली नाही. मत्सराला इतकी मऊ वस्तूही पुरते, हे मला माहीत नव्हतं.

अचानक आभाळ भरून आलं. मी चहा घेऊन खिडकीतच बसले होते. एक हाक पुरली असती. गादीवर थेंबांचे काळे ठिपके उमटले, तरी माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी आईच धावत आली आणि ओरडली, "मीनल, गादी भिजतेय गं."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कधीची बसलीयेस इथे?"

"आत्ताच आले."

आईनं माझ्या कपाकडे पाहिलं. चहावर साय धरली होती.