मंगळाच्या कागदांवरच्या लाल खुणा

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही – घरात नाही, बाहेर नाही. तुम्ही तिऱ्हाईत, म्हणून तर जीभ रेटतेय. पण कुठून सुरुवात करू?

सारिका माझ्या भावाची मुलगी. निरगुडसरला माझ्याकडे राहून ती पीएचडीचं काम करत होती. मंगळाभोवती एक यान फिरतं. सूर्याकडून येणारे विजेनं भारलेले कण ते मोजतं. कणांचा लोट आला की आलेखावरची रेघ उसळते. पण कधी यंत्र बिघडलं तरी उसळते, आणि तो फरक कॉम्प्युटरला नीट कळेना. म्हणून आम्ही दोघींनी एकेक कागद बघायचा, खरी उसळी दिसेल तिथे लाल खूण करायची. तिनं वेगळी, मी वेगळी. एकमेकींचं बघायचं नाही, दोघींची जुळेल तीच खूण खरी धरायची – अट एवढीच. मी सातवी शिकलेली. बाकी सगळं रद्दीतल्या पेपरांतून वाचलेलं. तरी पोरीनं हे काम माझ्या हाती दिलं.

आणि मी? मला त्या बारीक रेघा दुहेरी दिसायच्या. सांगितलं का तिला? नाही – काम काढून घेईल, ही भीती. कांदा निवडताना शेजारणीकडे बघत आपला हात चालतो ना, तसंच... ती पुण्याला गेली की मी तिची फाईल काढायची. आणि – हो, तिच्या खुणा माझ्या कागदांवर उतरवायची. सगळे कागद.

"लई जुळलं गं आत्या आपलं," ती म्हणाली. मी हसले. कशी हसले असेन?

मग पीएचडीला तिला शिकवणाऱ्या मॅडमच्या ध्यानात आलं, ती जिथे चुकली तिथेच मीही चुकलेय. दोन माणसं एकाच जागी चुकतात कधी? त्यांना वाटलं, दोघींच्याही खुणा सारिकानंच केल्या. त्यांनी मला फोन लावला.

"आजी, खुणा तुम्ही स्वतः बघून केल्यात ना?"

सारिका समोर उभी.

"व्हय मॅडम. माझ्या डोळ्यांनी बघून."

मी फोन ठेवला. सारिकानं पाणी आणून दिलं. "घाबरू नगं आत्या. तू खरं तेच सांगितलंस."

मी पाणी प्यायले.

मॅडमना पटलं नाही. खोट्या खुणांचा ठपका पोरीवर बसला, पीएचडी सुटली. आता मंचरला क्लासमध्ये शिकवते. तिचा फोन आला की अजून आधी हेच मनात येतं – कळलं असेल का? तिला काही कळलेलं नाही. आल्यागेल्याला सांगते, सगळे उलटले तेव्हा माझी आत्या तेवढी माझ्या बाजूनं खरं बोलली.

मी तिथेच बसलेली असते. ऐकून घेते.